कॉलेजच्या वाटेवरचे पुणे

आपल्या व्यापारी घरांना पुणे फार जुने ओळखीचे आहे. भवानी पेठेतला गूळ आणि भुसार, रविवार पेठेतले कापडगंज आणि भांडी, लक्ष्मी रस्त्यावरची लग्नसराईची खरेदी, एवढ्या खुणांवर आमच्या वडिलांच्या पिढीचे पुणे पुरे होत असे. सकाळच्या एस.टी.ने यायचे, सौदे उरकायचे, दिवस मावळण्यापूर्वी एखाद्या नातलगाकडे जेवायचे आणि रात्री गावी परतायचे. पुढे मुले शिकायला येऊ लागली आणि पुण्याचा दुसरा नकाशा घरोघर तयार झाला: वसतिगृह, कॉलेज, सी.ए.ची शिकवणी, डबा देणाऱ्या मावशी. या दोन्ही नकाशांत एक गोष्ट समान आहे. दोहोंतही संग्रहालय नाही.

मुलाने घरी फोन करून ‘आज संग्रहालय पाहायला गेलो होतो’ असे सांगितले, तर पलीकडून पहिला प्रश्न येतो, ‘वर्गाला सुट्टी होती का?’ या प्रश्नात राग नसतो, हिशेब असतो. वर्षाची फी, खोलीचे भाडे, शिकवणीचे हप्ते हे सारे नावे पडत असताना संग्रहालयात घालवलेली दुपार कोणत्या खात्यावर टाकायची, हे आपल्याला उमगत नाही. नाटकाची तालीम, वक्तृत्व, राष्ट्रीय सेवा योजनेचे शिबिर यांचीही तीच गत. ‘अभ्यासाव्यतिरिक्त’ या एका शब्दात आपण ते सारे गुंडाळून ठेवतो.

या श्रावणात दुकानाच्या कामासाठी मला दोन दिवस पुण्यात राहावे लागले. माझी पुतणी तेथे बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्या वर्गाला एका प्राध्यापिकेने एक उपक्रम दिला होता. शहरातील कोणत्याही संग्रहालयातील एक वस्तू निवडायची आणि तिचा जमाखर्च लिहायचा. ती कोणी घडवली, कच्चा माल कुठून आला, विकत कोणी घेतली, कशासाठी घेतली आणि निरुपयोगी झाल्यावर ती कोणाच्या हाती गेली, एवढे पाच प्रश्न. नुसत्या सनावळ्या उतरवून आणू नयेत, अशी सक्त ताकीद होती. नऊ जणांचा गट होता आणि ‘काकासा, तुम्हीही चला’ असा पुतणीचा आग्रह. माझ्या पिशवीत तिने घरून मागवलेल्या दोन जुन्या चोपड्या होत्या. त्या कशासाठी, ते पुढे येईलच.

पहिल्या दिवसाची सुरुवात त्यांच्या कॉलेजच्या परिसरातूनच झाली. बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटीने काढले. या सोसायटीचे फर्ग्युसन महाविद्यालय त्याहून जुने, १८८५चे. या टेकडीच्या पायथ्याला दर वर्षी हजारो मुले जमाखर्च, कर आणि लेखापरीक्षण शिकतात. तेथून पायी दहा-पंधरा मिनिटांवर, दाट झाडांच्या आड, भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे. सर रामकृष्ण गोपाळ भांडारकरांच्या गौरवार्थ ६ जुलै १९१७ रोजी त्याची स्थापना झाली आणि पुढच्याच वर्षी मुंबई सरकारने डेक्कन कॉलेजात ठेवलेला आपला हस्तलिखितांचा संग्रह त्याच्या स्वाधीन केला. आज तेथे अठ्ठावीस हजारांच्या आसपास पोथ्या आहेत. नऊ मुलांपैकी सात जण गेले वर्षभर रोज त्या कुंपणाजवळून जात होते. आत काय आहे, याची कल्पना एकालाही नव्हती. ‘मला वाटायचे, सरकारी कचेरी असेल,’ असे एक मुलगा म्हणाला.

ही संस्था तिकीट काढून आत शिरण्याची जागा नव्हे. आधी कळवून, परवानगी घेऊन जावे लागते. ते काम मुलांनी स्वतःच केले होते. वाणिज्याच्या विद्यार्थ्यांना पोथ्या कशाला पाहायच्या आहेत, हे पत्रात समजावून लिहिताना आपल्यालाच ते नीट समजले, असे पुतणी म्हणाली.

या संग्रहाची हकीकत व्यापाऱ्याच्या कानाला गोड लागावी अशी आहे. १८६६ पासून सरकारने हस्तलिखितांची पद्धतशीर खरेदी सुरू केली. ब्यूलर, कीलहॉर्न, पीटरसन, भांडारकर अशा पंडितांनी गुजरात-राजस्थानातली गावे पालथी घातली, याद्या केल्या, भाव ठरवले. त्यांनी आणलेल्या पोथ्यांत हजारो जैन पोथ्या आहेत. त्यांची वर्णनात्मक सूची ज्यांनी सिद्ध केली ते हीरालाल रसिकदास कापडिया मूळचे गणिताचे अध्यापक. आकड्यांत रमणारा माणूस पोथ्यांच्या याद्यांत आयुष्य वेचतो, याचे मुलांना मोठे नवल वाटले. मला तितकेसे वाटले नाही. मोजणे, नोंदणे आणि नोंद चुकू न देणे या एकाच गुणाच्या दोन शाखा आहेत.

पण मुले खरी थबकली ती पुष्पिकेपाशी. पोथीच्या अखेरीस लेखक म्हणजे नकलनवीस आपले नाव, गाव, तिथी लिहितो, त्या मजकुराला पुष्पिका म्हणतात. जैन पोथ्यांत तिच्या जोडीला पुष्कळदा दात्याची प्रशस्ती असते. अमुक गावच्या अमुक श्रेष्ठीने, त्याच्या पत्नीने, मुलांनी, आईच्या किंवा वडिलांच्या श्रेयासाठी ही पोथी लिहवून घेतली आणि अमुक मुनींना अर्पण केली, असा तो मजकूर. कधी त्यात तीन-चार पिढ्यांची नावे येतात. जुन्या व्यापारी घराण्यांतील बायकांची नावे आज आपल्याला कळतात, ती अशा ओळींमधूनच. आपल्या घरी ज्ञानपंचमीला किंवा श्रुतपंचमीला पोथ्या उन्हात ठेवतात, धूळ झटकतात, नवे वेष्टन घालतात. त्या रिवाजाचा अर्थ काचेखालच्या त्या पिवळट पानांसमोर मुलांना न सांगता कळला असावा, कारण बाहेर आल्यावर बराच वेळ कोणी मोबाइल काढला नाही.

दुपारी आम्ही शुक्रवार पेठेत गेलो. बाजीराव रस्त्यालगत नातूबागेत राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. पुण्यात येणाऱ्या प्रत्येक व्यापारी कुटुंबाने एकदा तरी तेथे जावे असे मला वाटते, कारण ते एका दुकानदाराने उभे केले आहे. दिनकर गंगाधर केळकर यांचा जन्म १८९६चा. घरचा चष्म्यांचा व्यवसाय. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. १९२०च्या सुमारास त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला आणि १९९० साली निधन होईपर्यंत तो सुटला नाही. राजा हा त्यांचा मुलगा लहानपणीच गेला. त्याचे नाव त्यांनी या संग्रहाला दिले. पत्नी कमलाबाईंची साथ होती. वीस हजारांहून अधिक वस्तू त्यांनी जमवल्या आणि अखेर तो सारा संसार महाराष्ट्र शासनाच्या हवाली केला. दालनांत मांडलेला आहे तो त्याचा लहानसा अंश.

आणि वस्तू तरी कोणत्या? राजेरजवाड्यांचे रत्नजडित मुकुट पाहण्याच्या अपेक्षेने जाणाऱ्याची येथे निराशा होते. येथे आहेत समया, लामणदिवे, अडकित्ते, पानाचे डबे, कुलपे, दौती आणि कलमदाने, अंग घासायच्या वज्र्या, स्वयंपाकघरातली भांडी, कोरीव दरवाजे, वाद्ये, गंजिफा. हे सारे आपल्या आजीच्या घरात होते. कोथरूडच्या मस्तानी महालाचे अवशेष आणून उभारलेले एक दालनही आहे आणि गर्दी तेथेच अधिक होते; परंतु माझे मन त्यात फारसे गुंतले नाही. पेशव्यांचा महाल कोणीही जपला असता. अडकित्ते जपायला केळकरच लागतात.

मुलांच्या गटात रविवार पेठेतल्या एका भांड्यांच्या दुकानदाराची मुलगी होती. पितळी दिव्यांच्या कपाटापुढे उभी राहून तिने सरळ हिशेब मांडला. दिवा अंदाजे इतक्या वजनाचा, पितळेचा मोडीचा भाव किलोला इतका, म्हणजे वस्तूची किंमत इतकी. आकडा ऐकून सगळे हसले, कारण तो एका जेवणाच्या बिलाइतकाच होता. मग प्राध्यापिकाबाईंनी विचारले, ‘आणि घडणावळ?’ मुलगी वाकून पुन्हा पाहू लागली. दिव्याच्या साखळीतली प्रत्येक कडी वेगळी होती, मधे हत्ती होता, हत्तीवर माहूत, माहुताच्या हातात अंकुश, आणि तो अंकुश तांदळाच्या दाण्याएवढा. तिने वहीत घडणावळीपुढे जागा मोकळी सोडली. दुकानात रोज मोड विकत घेणाऱ्या घरातली मुलगी ती. ‘आमच्याकडे असे दिवे येत असतील का हो?’ असे तिने हळूच विचारले. येत असणारच. लोक जुनी पितळ देतात आणि स्टील नेतात, हा व्यवहार आपण दोन पिढ्या केला आहे. त्यात गैर काही नव्हते. गिऱ्हाइकाला जे हवे ते आपण दिले. मात्र त्या मोडीतून काय काय भट्टीत गेले, त्याची नोंद कोणाच्या चोपडीत नाही.

सी.ए.च्या परीक्षेला बसणारा एक मुलगा कुलपांपाशी रमला. त्याचा प्रश्न वेगळाच होता: इतक्या तऱ्हेची कुलपे लागत कोणाला? शेतकऱ्याच्या घराला कडी पुरे. कुलूप घेतो तो ज्याच्याकडे दुसऱ्याचा माल, दुसऱ्याची ठेव, दुसऱ्याचे दागिने असतात तो. म्हणजे कुलूप हे श्रीमंतीचे चिन्ह नसून विश्वासाचे चिन्ह आहे, असा त्याने निष्कर्ष काढला. मी वाद घातला नाही, तरी त्या कुलपांमागे विश्वासापेक्षा भीतीच अधिक असावी असे मला वाटते. त्याच्या वहीची चार पाने मात्र भरली.

संग्रहालयातून बाहेर पडून आम्ही महात्मा फुले मंडईकडे चालत गेलो. वाटेत विश्रामबागवाडा दिसतो. १८२१ साली एल्फिन्स्टनने तेथे संस्कृत पाठशाळा सुरू केली, तीच पुढे डेक्कन कॉलेज झाली. मंडईची एक गंमत मुलांना सांगण्याजोगी होती. तिचे मूळचे नाव रे मार्केट, गव्हर्नर लॉर्ड रे यांच्यावरून ठेवलेले. पुणे नगरपालिकेत जोतीराव फुले सभासद असताना या इमारतीवर एवढा पैसा घालण्यास त्यांनी विरोध केला होता. तो शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे. घोले रस्त्यावरच्या औद्योगिक संग्रहालयालाही लॉर्ड रे यांचेच नाव होते. आज बाजार आणि संग्रहालय दोन्ही फुल्यांच्या नावाने ओळखली जातात. त्यांनी नको म्हटलेली इमारतही त्यांचीच झाली. भाजीचे भाव विचारत मुले त्या अष्टकोनी मनोऱ्याखाली उभी राहिली, तेव्हा पावसाची मोठी सर आली आणि दिवसाचा कार्यक्रम तेथेच आटोपला.

दुसऱ्या दिवशी डेक्कन कॉलेज. येरवड्याकडच्या या आवारात ही संस्था १८६८ साली आली. जमशेटजी जीजीभाई या पारशी व्यापाऱ्याच्या देणगीचा त्यात मोठा वाटा होता. लोकमान्य टिळक येथे विद्यार्थी होते; त्यांची वसतिगृहातील खोली अजून जपून ठेवली आहे. १९३४ साली सरकारने कॉलेज बंद केले आणि १९३९ साली संशोधनसंस्था म्हणून ते पुन्हा उघडले. प्राध्यापक हसमुख सांकलियांनी येथे पुरातत्त्वाची जी शाळा उभी केली, तिने महाराष्ट्राचा इतिहास सातवाहनांच्या मागे हजार वर्षे नेला.

आमच्यात शिरूर तालुक्यातला एक मुलगा होता. दोन दिवसांत तो फारसा बोलला नव्हता. पुरातत्त्वाच्या संग्रहालयात इनामगाव हे नाव वाचून तो एकदम पुढे आला. ‘हे आमचेच इनामगाव? घोडनदीकाठचे?’ तेच ते. १९६८ पासून अनेक हंगाम तेथे उत्खनन झाले आणि सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती उजेडात आली. शंभराहून अधिक घरे सापडली. हे लोक सातू पिकवीत, कालवा काढून पाणी अडवीत. गावप्रमुखाचे मानलेले मोठे घर धान्याच्या कोठाराला लागून होते. चार पायांच्या, मातीच्या मोठ्या रांजणात बसवलेल्या स्थितीत पुरलेला एक माणूस सापडला. तो या गावचा प्रमुखच असावा, असे संशोधकांनी म्हटले आहे. लहान मुले मेली तर तोंडाला तोंड लावलेल्या दोन मडक्यांत घालून घराच्याच जमिनीखाली पुरत. हे ऐकून मुली गप्प झाल्या. त्या मुलाने मात्र कोठाराचा नकाशा उतरवून घेतला. त्याच्या घरी भुसाराची आडत आहे. धान्य कोणाचे, कोठार कोणाचे आणि माप कोणाच्या हातात, हे प्रश्न त्याला पुस्तकातून शिकावे लागले नाहीत.

याच संस्थेशी निगडित आणखी एक गोष्ट आपल्या वाचकांना ठाऊक असावी. मावळात पाले गावाजवळच्या लेण्यात एक ब्राह्मी लेख आहे. डेक्कन कॉलेजातील सांकलिया आणि शोभना गोखले यांनी तो वाचून प्रसिद्ध केला. इसवी सनापूर्वीचा हा लेख अर्हतांना वंदन करून सुरू होतो आणि लेणे व पाण्याची पोढी, म्हणजे टाके, खोदवून दिल्याचे सांगतो. महाराष्ट्रातील जैन परंपरेचा हा सर्वांत जुना पुरावा मानला जातो. जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत तर धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पोढी दिल्याचा लेख आहे. श्रेणी म्हणजे आजचा व्यापारी संघ. आमच्या गावचा भुसार व्यापारी संघ उन्हाळ्यात बाजारतळावर पाणपोई चालवतो, हे मी मुलांना सांगितले. त्यांतल्या एकाने लगेच विचारले, ‘तिच्यावर नाव कोणाचे असते?’ नाव असते, चांगले ठळक असते. दोन हजार वर्षांत ती सवय गेलेली नाही.

आता चोपड्यांविषयी. श्रावण-भाद्रपद म्हणजे पुण्याच्या कॉलेजांत पुरुषोत्तम करंडकाचे दिवस. महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था १९६३ पासून ही आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा भरवते. भरत नाट्य मंदिरात निकालाच्या वेळी ‘अरे, आवाज कुणाचा’ ही आरोळी ज्याने ऐकली तो ती विसरत नाही. जब्बार पटेल आणि मोहन आगाशे हे वैद्यकीचे विद्यार्थी असताना याच वातावरणात नाटक शिकले. पुढे हिवाळा सरता सरता फिरोदिया करंडक येतो. त्यात नाट्य, नृत्य, संगीत, चित्र, शिल्प अशा अनेक कला एकाच प्रयोगात गुंफायच्या असतात. त्याच्या नावातले फिरोदिया आपल्या समाजाला सांगायला नकोत. पुतणी तिच्या कॉलेजच्या पुरुषोत्तमच्या संघात होती. अभिनयाला नव्हे, रंगमंचावरच्या सामानाला. एकांकिका एका पेठेतल्या बंद पडणाऱ्या पेढीवर होती आणि शेवटच्या प्रसंगात म्हातारा शेठ रागाने चोपडी भिरकावतो, असे दृश्य होते. त्यासाठी खरी चोपडी हवी होती. आमच्या माळ्यावर पंधरा पडल्या होत्या. थोरल्या भावाने माळा रिकामा करून रंग द्यायचे ठरवले होते आणि रद्दीवाल्याशी भावही झाला होता. त्यामुळे दोन चोपड्या पाठवायला त्याची हरकत नव्हती.

तालमीचा प्रश्न आपल्या घरांत नाजूक असतो, हे मी जाणतो. संध्याकाळी सहाला तालीम सुरू होते आणि दहा वाजले तरी संपत नाही. चौविहार पाळणाऱ्या मुलीने काय करायचे? पर्युषणाचे आठ दिवस तर नेमके प्राथमिक फेरीच्या आसपास येतात. पुतणीने साडेपाचला डबा खायचा आणि पर्युषणात तालमीऐवजी दुपारी सामानाचे काम करायचे, असे संघाशी ठरवून घेतले होते. संघातल्या कोणालाही यात अडचण वाटली नाही. अडचण वाटली होती ती फक्त आम्हाला, गावी बसून. रात्री मुलीला वसतिगृहाच्या दारापर्यंत सोडायला कोण येते, हे मात्र पालकांनी विचारावे, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत विचारत राहावे.

मी तालीम पाहायला गेलो तेव्हा चोपडी भिरकावण्याचा प्रसंग चालू होता. लाल कापडाची बांधणी, लांबट आकार, आतले पिवळे कागद. नट तयारीत उभा राहिला आणि पुतणी मध्ये गेली. ‘ही नाही टाकायची,’ ती म्हणाली. दिग्दर्शक वैतागला. खऱ्या चोपडीचे वजन वेगळे, तिचा आवाज वेगळा, असे त्याचे म्हणणे, आणि त्यात तथ्य होते. वाद दहा मिनिटे चालला. शेवटी भांड्यांच्या दुकानदाराच्या मुलीने तोड काढली. ती संघात नव्हती, नुसती बघायला आली होती. हिशेबाच्या छापील कोऱ्या पावत्यांचे गठ्ठे त्यांच्या दुकानात पडून होते. तेच शिवून, लाल कापड चढवून तिने दुसऱ्या दिवशी एक खोटी चोपडी आणून दिली. ती जमिनीवर आदळली की चांगला दणकट आवाज होतो, असे कळले.

खऱ्या दोन चोपड्या वसतिगृहातल्या कपाटात राहिल्या आणि पुतणीने त्यांतली एक आपल्या उपक्रमासाठी निवडली. बाईंनी आधी नकार दिला. वस्तू संग्रहालयातली हवी, असा नियम होता. ‘दौतीबद्दल लिहायचे तर त्या दौतीतल्या शाईने काय लिहिले तेही पाहायला नको का?’ या प्रश्नावर त्या कबूल झाल्या. पण लिहिलेले वाचणार कोण? आमच्या घरचा कारभार आधी मुडियात होता आणि नंतर मोडीत आला. मुडियाला काना-मात्रा नसतात. ‘काकाजी अजमेर गये’ असे लिहिलेले पत्र ‘काकाजी आज मर गये’ असे वाचून घरात रडारड झाल्याची गोष्ट आपल्या प्रत्येक घरात सांगितली जाते. आम्ही ती हसत सांगतो आणि लिपी मात्र वाचता येत नाही.

भवानी पेठेत आमच्या ओळखीचे एक निवृत्त मुनीमजी आहेत. वय पंच्याऐंशीच्या पुढे. परतण्यापूर्वी मी पुतणीला आणि आणखी तिघांना त्यांच्याकडे घेऊन गेलो. मुनीमजींनी हात धुतले, चष्मा पुसला आणि चोपडी मांडीवर घेतली. पहिल्या पानावर श्रींचे शिखर होते, त्याखाली गौतमस्वामींची लब्धी आणि शालिभद्राची ऋद्धी मागणारे दिवाळीच्या पूजनाचे नेहमीचे शब्द. मग संवत १९९४, म्हणजे १९३७ची दिवाळी. तेथून पुढे ते बोट फिरवीत सलग वाचत गेले: गूळ इतके मण, करडईची पोती इतकी, रेल्वे स्टेशनापर्यंत गाडीभाडे, गाडीवानाला उचल, पांजरापोळीला सव्वा रुपया. एका नावापाशी ते थांबले. त्या नावाच्या माणसाची बाकी पानामागून पान पुढे ओढलेली होती, आणि तीन पानांनंतर तिच्यापुढे आडवी रेघ मारून दोनच शब्द लिहिलेले होते. मुनीमजींनी ते वाचले: ‘सोडून दिले.’ किती होती बाकी? बावीस रुपये, सात आणे. का सोडली, ते लिहिलेले नव्हते. सी.ए. करणारा मुलगा म्हणाला की याला बुडीत कर्ज म्हणतात. मुनीमजी म्हणाले, बुडीत वेगळे आणि सोडलेले वेगळे. बुडीत असते तर ‘बुडीत’ लिहिले असते.

त्यांनी मुलांना काही आकडे आणि दहा-बारा अक्षरे कागदावर काढून दिली. पुण्यात मोडीचे वर्ग चालतात, तेथे जा. मुडियाचे मात्र आमच्यासारखे उरलेत तोवर विचारून घ्या, असे ते म्हणाले. पुतणीने दर रविवारी सकाळी येण्याची परवानगी मागितली. तिच्या परीक्षा नोव्हेंबरात आहेत. या रविवारांचा हिशेब तिच्या वडिलांना कसा द्यायचा, हे आम्हा दोघांत बसमध्ये बराच वेळ चालले होते. मी तिला गावी घेऊन निघालो होतो, दोन दिवसांची सुट्टी होती म्हणून.

भावाने सारे शांतपणे ऐकून घेतले. बावीस रुपये सात आण्यांची गोष्ट त्याने पुन्हा एकदा सांगायला लावली आणि त्या माणसाचे नाव विचारले. त्या आडनावाचे लोक अजून आमच्या बाजारपेठेत आहेत. आमच्याच दुकानातून पेंड नेतात. मग तो म्हणाला की रंगारी दिवाळीच्या आधी येणार, तोवर माळा रिकामा झालाच पाहिजे. तेरा चोपड्या कोठे ठेवायच्या ते तुम्ही ठरवा. रद्दीवाल्याला त्याने त्याच संध्याकाळी फोन करून सांगितले, पितळेची मोड घेऊन जा, कागदाचे दिवाळीनंतर पाहू.